चवथीला लॅपटॉप बंद ठेवता येईल असा ओपन सोर्स प्रोजेक्ट कसा सांभाळायचा

फर्मागुडी, झुआरीनगर, कुंकळ्ळी इथं शिकणारी पोरं आता आपला कोड सरळ गिटहब या कोड वाटायच्या साइटवर टाकतात, चांगलंच आहे, पण टाकल्यानंतरचं काम कोणी शिकवत नाही. कोड लिहायला मजा येते. सांभाळणं म्हणजे इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी, मागण्या) वाचणं, एकाच प्रश्नाला पुन्हापुन्हा उत्तर देणं, दुसऱ्याचा कोड तपासणं, रिलीज काढणं, नाही म्हणणं, आणि हे सगळं ऑफिस, घर, बाजार सांभाळून. मी पायथन भाषेतली एक छोटी लायब्ररी (दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) सांभाळते, देवनागरी मजकूर सर्चसाठी एकसारखा करून देणारी, मराठी आणि कोंकणी दोन्हीसाठी, तेव्हा खालचं सगळं छोट्या प्रोजेक्टच्या नजरेतून आहे, म्हणजे एक-दोन माणसं, पगार नाही, आणि वापरणारे मात्र अनोळखी.

माझी कसोटी एकच आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आपण मूळ घरी जातो, तिथं रेंज असेल-नसेल, माटोळी (गणपतीवरची फळापानांची आरास) बांधायची असते, पाहुणे असतात, लॅपटॉप उघडायचा प्रश्नच येत नाही. त्या आठवड्यात प्रोजेक्टचं काही बिघडलं नाही, कोणी अडकून पडलं नाही आणि तुमच्या पोटात गोळा आला नाही, तर प्रोजेक्ट नीट सांभाळला जातोय. खाली जे जे सांगतेय ते या एका गोष्टीसाठी आहे.

लायसन्स आधी, बाकी नंतर

हे पटकन सांगते. लायसन्स नसलेला कोड उघडा दिसतो पण तो वापरायचा हक्क कोणाला मिळत नाही, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलेत, त्यामुळे तुम्ही काही लिहून दिलं नाही तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात आणि समजूतदार माणूस अशा कोडला हात लावत नाही. छोट्या लायब्ररीला एमआयटी लायसन्स पुरतं. पेटंटबद्दलही स्पष्ट शब्द हवे असतील तर अपाचे २.०. बदल करून वाटणाऱ्यानंही सोर्स उघडा ठेवला पाहिजे असं वाटत असेल तर जीपीएल. नोकरीत असाल तर कंपनीचं करारपत्र आधी वाचा आणि परवानगी ईमेलवर लेखी घ्या, चहाच्या टेबलावर मॅनेजर 'हो रे, चालेल' म्हणाला त्यावर जाऊ नका, उद्या मॅनेजर बदलतो.

प्रोजेक्ट काय करणार नाही ते लिहून ठेवा

रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, सगळे लिहितात की आमची लायब्ररी हे करते, ते करते. त्याच्याखाली दुसरी यादी हवी, काय करत नाही याची, आणि माझ्या मते हीच यादी तुमचे सगळ्यात जास्त तास वाचवते.

माझ्याकडचं उदाहरण सांगते. गोव्यात कोंकणी रोमी लिपीतही लिहितात, तेव्हा कोणीतरी विचारतंच की तुमच्या लायब्ररीत रोमीतून देवनागरी करून द्या ना. मागणी रास्त आहे, काम महत्त्वाचं आहे, आणि तरीही ते या लायब्ररीचं काम नाही, कारण लिप्यंतराला उच्चारांचे नियम लागतात, अपवादांची मोठी यादी लागते, ती तपासायला रोमी वाचणारा जाणकार लागतो. विचारणारा माणूस कोड देऊनही जाईल हो, पण पुढच्या वर्षी त्यात चूक निघाली की इश्यू माझ्या दारात येणार. घेतलेला प्रत्येक फीचर आयुष्यभर सांभाळायचा असतो आणि देणारा बहुतेक वेळा निघून गेलेला असतो, हे डोक्यात पक्कं ठेवा म्हणजे नाही म्हणणं सोपं जातं.

नाही म्हणताना तीन गोष्टी सांगा, कल्पना समजली, आमच्या कक्षेत का बसत नाही, आणि कुठं बसेल. साधारण असं: "कल्पना आवडली. ही लायब्ररी फक्त देवनागरी मजकूर एकसारखा करते, लिप्यंतर आम्ही घेत नाही, रीडमीतली कक्षा बघा. तुम्ही वेगळं पॅकेज केलंत तर आमच्या रीडमीतून लिंक देईन." आणि इश्यू बंद करा. 'बघूया', 'वेळ मिळाला की' असलं काही लिहू नका, समोरचा वाट बघत बसतो आणि तुमच्या डोक्यावर उगाच एक कर्ज राहतं. ताबडतोब मिळालेलं स्वच्छ नाही हे आठ महिने लटकलेल्या हो पेक्षा जास्त आदराचं असतं, असं मला मनापासून वाटतं.

इश्यू: प्रश्न विचारायची जागाच अशी बनवा की उत्तर अर्धं तिथंच मिळेल

इथं सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून इथं थोडं थांबूया.

"सर्च चालत नाही" एवढाच इश्यू येतो, सोबत मोबाइलवरून काढलेला स्क्रीनशॉट. देवनागरीत स्क्रीनशॉटचा उपयोग जवळपास शून्य, कारण डोळ्यांना एकच दिसणारं अक्षर आत दोन वेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. 'ॲप' घ्या. त्यातला ॲ हा एक स्वतंत्र कोड पॉइंट (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीतला क्रमांक) आहे, यू+०९७२, युनिकोडमध्ये तो २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत आला. पण खूप लोकांचा कीबोर्ड अ आणि त्याच्यावर चंद्र अशी दोन अक्षरं टाकतो, यू+०९०५ आणि यू+०९४५. दिसायला तेच, आणि युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपं एक करायची पद्धत) चालवलं तरी ही दोन्ही एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ती समतुल्य नाहीतच. मग म्हापशाचा कोणी दुकानदार आपल्या साइटवर 'ॲप' शोधतो आणि यादी रिकामी येते, त्याच्या दृष्टीनं तुमची लायब्ररी मोडकी.

म्हणून इश्यू टेम्प्लेट बनवा आणि त्यात नेमकं तेच मागा ज्याच्याशिवाय तुम्हाला पुढं सरकता येत नाही. माझ्या टेम्प्लेटमध्ये लायब्ररीची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, अडलेला मजकूर कॉपी-पेस्ट करून, त्याचे कोड पॉइंट, काय यायला हवं होतं आणि काय आलं एवढंच आहे, आणि कोड पॉइंट काढायची एका ओळीची कमांड तिथंच दिलीय, लोकांना ती शोधायला लावू नका. तुमच्या प्रोजेक्टचा विषय वेगळा असेल तर तुमचा प्रश्न वेगळा असेल, पण असा एक प्रश्न नक्की असतो ज्याचं उत्तर मिळालं की निम्मे इश्यू सुटतात, तो शोधून टेम्प्लेटमध्ये पहिल्या जागी टाका.

लेबलं चार-पाचच ठेवा. माहिती हवी, बग पक्का, मदत हवी, कक्षेबाहेर. वीस लेबलं केलीत तर ती लावण्यातच रविवार जातो. 'माहिती हवी' वर उत्तर आलं नाही तर महिन्याभरानं बंद करा, पुन्हा उघडता येईल असं सांगून. पण पक्का झालेला बग बॉट लावून आपोआप बंद करू नका, हे काही मोठे प्रोजेक्टही करतात आणि मला ते बिलकुल पटत नाही, कोणीतरी तासभर घालवून बग नीट लिहून दिलाय, तुम्हाला वेळ नाही म्हणून तो बग नाहीसा होत नाही, उघडा राहू द्या की.

आणि वेळ ठरवा. नोटिफिकेशन मोबाइलवरून काढून टाका, आठवड्यातली एक सकाळ प्रोजेक्टची, त्यात इश्यू वाचायचे, त्यातच उत्तरं. रीडमीत लिहून ठेवा की उत्तराला दोन आठवडे लागू शकतात, गणेशचतुर्थी, दिवाळीला त्याहून जास्त. लोक समजून घेतात, आधी सांगितलेलं असलं की खूपच समजून घेतात. रात्री अकरा वाजता चिडून उत्तर लिहिलंत तर ते ड्राफ्टमध्ये ठेवा, सकाळी वाचा, बहुतेक वेळा निम्म्या ओळी कापल्या जातात.

दुसऱ्याचा कोड घेताना

पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्यानं पाठवलेला कोडमधला बदल, आली की पहिल्यांदा आनंद होतो आणि व्हायलाच हवा, कोणीतरी आपला वेळ दिलाय. पण तपासणं हे लिहिण्याएवढंच काम आहे, कधी जास्त.

एक नमुना सांगते. 'सगळी अदृश्य अक्षरं काढून टाका, सर्च वेगवान होईल' अशी छोटी नीटनेटकी पुल रिक्वेस्ट येऊ शकते, आणि वाचताना अगदी बरोबर वाटते. पण मराठीत झेडडब्ल्यूजे या अक्षरं जोडणाऱ्या अदृश्य खुणेवर 'दर्‍या' हा शब्द उभा असू शकतो. ते अक्षर काढलं की डोंगरातल्या 'दर्‍या' चा समुद्राचा 'दर्या' होतो आणि दोन वेगळ्या गोष्टी सर्चमध्ये एक होतात. हे अमराठी प्रोग्रॅमरला दिसण्याचं काही कारणच नाही, आणि रविवारी सकाळी घाईत बघणाऱ्या मराठी माणसालाही दिसेलच असं नाही. म्हणून असे शब्द टेस्टमध्ये (कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या कोडमध्ये) पाहिजेत. तुमच्या विषयातलं जे ज्ञान फक्त तुमच्या डोक्यात आहे ते टेस्टमध्ये उतरवा, प्रत्येक टेस्टवर एक ओळ लिहा की ही का आहे, मग टेस्ट नापास होऊन पुल रिक्वेस्ट लाल झाली की नाही म्हणायचं काम मशिन करतं, तुम्हाला वाद घालावा लागत नाही, आणि देणाऱ्यालाही कारण तिथंच वाचायला मिळतं. मी तर म्हणेन डॉक्युमेंटेशन थोडं कच्चं चालेल, टेस्ट पक्क्या पाहिजेत.

कॉलेजची मुलं लिहितात, "सर, प्लीज असाइन धिस इश्यू टू मी". मॅडम असले तरी सर. असाइन करू नका. असाइन झालं की बाकीचे हात लावत नाहीत, परीक्षा येते, इश्यू तसाच पडून राहतो. त्याऐवजी सांगा की ज्याला करायचंय त्यानं थेट ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट उघडावी, अर्धवट चालेल, त्यावर बोलू. जो खरोखर करणार असतो तो उघडतो. आणि त्याला मराठीत, कोंकणीत समजावून सांगा, इंग्रजी अडलं म्हणून चांगला माणूस परत जाता कामा नये, फक्त ठरलेली गोष्ट शेवटी इंग्रजीत एका ओळीत लिहून ठेवा म्हणजे बाकीच्यांनाही कळतं.

फुकटचं काही मिळतंय म्हणून येणारी गर्दी वेगळी. २०२० च्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्टला टी-शर्ट होता तर लोकांनी रीडमीत एखादा शब्द घुसडून हजारो प्रोजेक्टना हैराण केलं, शेवटी आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला की ज्या प्रोजेक्टनं स्वतः होकार दिलाय तेच मोजले जातील. आता त्याच्या जोडीला एआयनं लिहिलेल्या पुल रिक्वेस्ट आणि रिपोर्ट आहेत. इंटरनेटवरून डेटा आणणारं कर्ल हे साधन सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ च्या सुरुवातीलाच लिहिलं होतं की एआयनं बनवलेले सिक्युरिटी रिपोर्ट वाचायला छान असतात पण आत काही नसतं, आणि ते खोटं आहे हे कळायलाच माणसाचा वेळ जातो. माझा नियम साधा आहे, कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये लिहिलाय, कोणतंही टूल वापरा पण प्रत्येक ओळ का आहे ते तुम्हाला तुमच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे, नाही सांगता आलं तर बंद. एक प्रश्न विचारायचा, बस.

रिलीज लॅपटॉपवरून काढू नका

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला की आमच्याकडे वीज जाते, झाड पडलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत. रिलीज अर्धं झालंय, पॅकेज अपलोड झालंय पण टॅग (कोडवरची आवृत्तीची खूण) गेला नाही अशी अवस्था फार त्रासदायक असते. म्हणून सगळं सीआयवर (ही कामं आपोआप करणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेवर) ठेवा, टॅग ढकलला की टेस्ट चालतात, पॅकेज बनतं, अपलोड होतं. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या साठ्यावर एप्रिल २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग आहे, ते लावलंत तर पासवर्ड किंवा टोकन कुठं साठवायलाच लागत नाही, आणि १ जानेवारी २०२४ पासून तिथं टू-फॅक्टर (पासवर्डसोबत ओळखीचा दुसरा पुरावा) सगळ्यांना सक्तीचं आहे.

आवृत्तीचा आकडा हा वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो. शेवटचा आकडा वाढला तर फक्त दुरुस्ती, मधला वाढला तर नवीन काही पण जुनं चालू, पहिला वाढला तर जुनं मोडू शकतं. मोडणार असेल तर निदान एक आवृत्ती आधी इशारा द्या आणि चेंजलॉगमध्ये माणसाला समजेल असं लिहा, काय बदललं, तुम्हाला काय करावं लागेल. कमिटची (कोडमधल्या एकेका बदलाच्या नोंदींची) यादी चिकटवू नका, ती कोणी वाचत नाही.

चूक रिलीज झालं तर पॅकेज डिलीट करू नका. मार्च २०१६ ची लेफ्ट-पॅडची गोष्ट ठाऊक असेल, ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एका नावाच्या वादातून एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यावरून काढून टाकलं आणि जगभरचे बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायचं काम) पडले, कारण कितीतरी मोठी पॅकेजं आडवळणानं त्याच्यावर टेकलेली होती. पायपीआयवर यँक करायची सोय आहे, त्यानं नवीन माणसाला ती आवृत्ती मिळत नाही पण ज्यानं नेमकी तीच मागितलीय त्याचं काम थांबत नाही. यँक करा, दुरुस्त आवृत्ती काढा, चेंजलॉगमध्ये लिहा. आणि सणाच्या आदल्या दिवशी रिलीज काढू नका, कितीही छोटं असलं तरी.

सिक्युरिटी, आणि मदतीला आलेला अनोळखी माणूस

सिक्युरिटीतली चूक कोणी उघड इश्यूमध्ये लिहू नये म्हणून गिटहबवर खासगी रिपोर्टची सोय चालू करा आणि सिक्युरिटी फाइलमध्ये लिहा की कुठं कळवायचं आणि किती दिवसांत पहिलं उत्तर मिळेल. खरं तेवढंच लिहा, जमणार असेल ते. एवढं छोट्या प्रोजेक्टला पुरेसं आहे.

पण खरी गोष्ट माणसांची आहे, आणि इथं एक्सझेडचं प्रकरण प्रत्येक मेंटेनरनं (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यानं) नीट वाचायला हवं. एक्सझेड युटिल्स हे फाइल लहान करायचं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं, आणि ते वर्षानुवर्षं लासे कोलिन हे एकटे, फावल्या वेळात सांभाळत होते. २०२१ च्या सुमारास जिया टॅन या नावानं कोणीतरी पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवायला लागलं, चांगले पॅच. २०२२ मध्ये दुसऱ्याच काही नावांनी मेल यायला लागले की काम फार हळू चाललंय, दुसरा मेंटेनर नेमा. कोलिन यांनी उत्तरात मोकळेपणानं सांगितलं की बरेच दिवस मनाची तब्येत ठीक नाहीये आणि हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे. तरी दबाव चालूच राहिला, आणि हळूहळू जिया टॅनकडे हक्क गेले. मग २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचा दरवाजा निघाला, एसएसएच या दुरून लॉगिन करायच्या साधनातून घुसायचा. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या मशिनवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, त्यांनी खोदून बघितलं आणि २९ मार्च २०२४ ला जगाला कळवलं. सगळीकडे पसरण्याआधी सापडलं म्हणून वाचलो.

मला यातून सगळ्यात लागलं ते हे की हल्ला कोडवर व्हायच्या कितीतरी आधी एका दमलेल्या माणसावर झाला होता. त्याच्या थकव्याचाच वापर केला गेला. म्हणून तुम्ही दमलेले असताना, कोणी घाई करत असताना, कोणालाही हक्क देऊ नका, हा नियम मी कागदावर लिहून लावण्याच्या लायकीचा मानते. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या इव्हेंट-स्ट्रीमचंही जवळपास असंच झालं, मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता, कोणीतरी प्रेमानं मागितलं, त्यानं देऊन टाकलं, आणि नव्या माणसानं बिटकॉइनच्या एका वॉलेटमधले पैसे चोरायचा कोड आत घातला.

मग मदत घ्यायचीच नाही का, तर घ्यायचीच, एकटं राहणं त्याहून वाईट. फक्त पायऱ्यांनी. आधी फक्त इश्यूंना लेबल लावायचा हक्क, काही महिने. मग मर्जचा, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचा, पण दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय मर्ज होणार नाही अशी मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य प्रतीवर) अट. पॅकेज प्रसिद्ध करायचा हक्क सगळ्यात शेवटी, आणि तोही सीआयमधूनच, कोणाच्या लॅपटॉपवरून नाही. व्हिडिओवर बोला, जमलं तर भेटा, पणजीत नाहीतर मडगावात एखाद्या मीटअपला. ज्याला खरंच काम करायचंय त्याला या पायऱ्यांचा राग येत नाही.

किल्ल्या कोणाकडे आहेत

गावच्या उत्सवी नाटकात संहितेची एकुलती एक प्रत प्रॉम्प्टरच्या पिशवीत असते आणि तो ऐन वेळी तापानं पडला तर नट मेकअप करून बसलेले असतात आणि पडदा काही उघडत नाही, तशी स्थिती बहुतेक छोट्या प्रोजेक्टची आहे. कागद घ्या आणि लिहा: डोमेन (साइटचा पत्ता) कुठं घेतलंय आणि कधी संपतं, पॅकेजचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे, टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड कुठं आहेत, साइट कुठल्या होस्टिंगवर आहे, पैसे कोणाच्या कार्डातून जातात. लिहायला बसलात की कळतं बहुतेक सगळं एका फोनवर टेकलंय आणि तो फोन पावसात भिजू शकतो.

रिपॉझिटरी (गिटहबवरची प्रोजेक्टची जागा) वैयक्तिक खात्यातून ऑर्गनायझेशन खात्यात हलवा आणि तिथं दोन मालक ठेवा. रिकव्हरी कोड छापून बंद पाकिटात, एक घरी, एक विश्वासातल्या दुसऱ्या मेंटेनरकडे. घरच्या कोणाला तरी निदान एवढं माहीत असू द्या की असं पाकीट आहे आणि कोणाला फोन करायचा. डोमेन जमेल तितक्या वर्षांसाठी एकदम भरून टाका, संपलेलं डोमेन दुसरा कोणी घेऊ शकतो आणि मग त्यावरच्या ईमेलनं तुमच्या खात्यांचे पासवर्डही बदलू शकतो.

पैसे आणि कंपन्या

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीत हार्टब्लीड ही चूक सापडली तेव्हा जगाला कळलं की निम्मं इंटरनेट ज्या ओपनएसएसएलवर टेकलंय त्याला वर्षाला जेमतेम २००० डॉलर देणग्या येत होत्या आणि पूर्णवेळ माणूस एकच होता. त्यानंतर लिनक्स फाउंडेशननं कंपन्यांकडून पैसे गोळा करून कोअर इन्फ्रास्ट्रक्चर इनिशिएटिव्ह काढला. आपल्याकडे झेरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रोजेक्टना पैसे देणारा फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलरचा, त्यासाठी प्रोजेक्टमध्ये फंडिंग डॉट जेसॉन नावाची फाइल ठेवावी लागते, ती बनवायला फार वेळ लागत नाही, बनवून ठेवा. छोट्या प्रोजेक्टला यातून पगार निघेल अशी आशा धरू नका, पण डोमेन, होस्टिंग, एखाद्या विद्यार्थ्याचं मानधन एवढं निघू शकतं. आलेले पैसे उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात, पहिल्याच वर्षी सीएला विचारा.

कंपन्यांचे मेल येतात, सिक्युरिटीबद्दलचा जोडलेला फॉर्म भरा, अमुक दिवसांत पाठवा. मलाही असा आलाय, मागणारी कंपनी ओळखीची नाही, भाषा अशी की जणू आपण त्यांचे नोकर. घाबरायचं कारण नाही. लॉग४जे या जावा लायब्ररीत मोठी सिक्युरिटी चूक सापडून गोंधळ झाला त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये एका बड्या कंपनीनं कर्लच्या स्टेनबर्गना असाच मेल पाठवला होता, २४ तासांत उत्तर द्या म्हणून, आणि कर्लमध्ये लॉग४जे वापरलेलंच नव्हतं. त्यांनी शांतपणे कळवलं की सपोर्टचा करार केलात की आनंदानं उत्तर देईन. तुम्हीही तेच करा. लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की कोणतीही हमी नाही, त्या वाक्याचा हवाला द्या आणि खाली तुमचा तासाचा दर लिहा. कधीकधी खरंच हो येतं.

वाईट बोलणारे, आणि थांबणं

शिव्या देणाऱ्याशी वाद घालू नका. आचारसंहिता ठेवा, कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट तयार मिळतं, २०१४ पासून आहे, आणि ती लागू करा. एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा चर्चा लॉक, तिसऱ्यांदा ब्लॉक. तुमच्या प्रोजेक्टवर नवीन आलेली मुलगी बघत असते की इथं माणसाशी कसं बोललं जातं, आणि ती न बोलता निघून गेली तर तुम्हाला कधी कळणारही नाही. म्हणून हे काम कोडपेक्षा कमी मानू नका.

सुट्टी घ्यायची तर सांगून घ्या, रीडमीच्या वरच एक ओळ, या तारखेपर्यंत उत्तरं नाहीत, सिक्युरिटीसाठी अमुक जागा. कारण द्यायची गरज नाही. पायथनचे निर्माते गिडो व्हॅन रॉसम यांनीसुद्धा जुलै २०१८ मध्ये पायथनची अंतिम निर्णयाची जबाबदारी सोडली, एका प्रस्तावावरून झालेल्या लांबलचक वादानंतर, आणि पायथन चालूच आहे, आता निवडून आलेली पाच जणांची परिषद निर्णय घेते.

आणि खरंच पुरे झालं असेल तर प्रोजेक्ट नीट बंद करता येतो, बरेच जण तो नुसता सोडून देतात आणि वापरणाऱ्यांना दोन वर्षांनी कळतं. आधी कोणाला घ्यायचाय का ते विचारा, तीन-चार महिने द्या, आणि घेणारा ओळखीचा, आधी काम केलेला नसेल तर नाव देऊ नका, त्याला फोर्क (कोडची स्वतःची वेगळी प्रत) करून वेगळ्या नावानं चालवू द्या, वापरणाऱ्यांनी भरवसा तुमच्यावर ठेवला होता. पायथन २ बंद करायची तारीख कितीतरी वर्षं आधी सांगितलेली होती, एकदा पुढंही ढकलली आणि शेवटी १ जानेवारी २०२० ला बंद केलं, तेवढं मोठं आपल्याला नाही लागणार पण तारीख जाहीर करायची पद्धत तीच. मग उरलेल्या पक्क्या दुरुस्त्या घालून एक शेवटचं रिलीज, रीडमीच्या पहिल्या ओळीत 'आता सांभाळलं जात नाही' आणि त्याच्याखाली पर्याय कोणते, पॅकेजच्या पानावरही तेच, उघड्या इश्यूंवर एक निरोप, आणि शेवटी गिटहबच्या सेटिंगमध्ये जाऊन अर्काइव्ह. अर्काइव्ह केलेली रिपॉझिटरी वाचता येते, फोर्क करता येते, फक्त नवीन इश्यू येत नाहीत. पॅकेजचं खातं मात्र बंद करू नका, टू-फॅक्टर चालू ठेवून तसंच राहू द्या, आणि ज्यांनी ज्यांनी कोड दिला त्यांची नावं शेवटच्या चेंजलॉगमध्ये घाला.